टेकू, नोटीस आणि परतीची हमी

२७ सप्टेंबर २०१३, शुक्रवार. पहाटे सहाच्या सुमारास माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. ही इमारत दुरुस्ती न परवडणाऱ्या एखाद्या घरमालकाची नव्हती, रातोरात उभी राहिलेली बेकायदाही नव्हती. ती मुंबई महापालिकेची होती. वरच्या मजल्यांवर राहत होती ती महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं. इमारतीचं वय जेमतेम तेहतीस-चौतीस वर्षं. तिला दुरुस्तीची गरज आहे, हे आधीच कागदावर आलेलं होतं. तळमजल्यावरची जागा एका डेकोरेटरकडे गोदाम म्हणून होती आणि तिथे केलेल्या फेरफारांवर नंतरच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं.

घराचा मालक, फेरफारांवर लक्ष ठेवणारं कार्यालय, धोकादायक इमारतींची यादी करणारं खातं आणि राहणाऱ्यांना नोकरी देणारी संस्था, सगळं इथे एकाच छत्राखाली होतं. मुंबईत एरवी या चार जबाबदाऱ्या चार ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि दुर्घटना घडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझगावात ती सोयसुद्धा नव्हती. तरीही एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही. घर देणाऱ्याने राहणाऱ्याच्या जिवाची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न या शहराला त्या पहाटेपासून विचारता येतो. त्याचं उत्तर मात्र शंभर वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

गोठलेलं भाडं, झिजलेल्या तुळया

गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, डोंगरी, भायखळा, लालबाग, परळ. या भागांतल्या जुन्या चाळी आणि इमारती बहुतांशी विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतल्या. लाकडी सांगाडा, सागवानी तुळया, वासे, मध्ये चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, मागच्या अंगाला सामाईक संडास आणि मोऱ्या. दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा आला, जागेची टंचाई झाली आणि भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. हेतू चांगला होता. गिरणी कामगाराला, कारकुनाला, खानावळ चालवणाऱ्या बाईला शहरात टिकून राहता आलं ते या कायद्यामुळे. पण दहा-वीस रुपये भाडं घेणारा मालक हजारोंची दुरुस्ती करीना. भाडेकरूही करीना, कारण इमारत त्याच्या नावावर नव्हती. पागडीचे व्यवहार होत राहिले, खोल्या हातोहात फिरल्या, तुळया मात्र तिथेच कुजत राहिल्या.

साठच्या दशकात दर पावसाळ्यात इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९६९ चा कायदा झाला आणि दुरुस्ती मंडळ जन्माला आलं. भाडेकरूंनी मालमत्ता कराबरोबर दुरुस्ती उपकर भरायचा, त्यात सरकार आणि महापालिकेने भर घालायची आणि मंडळाने इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती करायची, अशी ती योजना. उपकर भरणाऱ्या म्हणून या इमारती 'उपकरप्राप्त' झाल्या. सुरुवातीला त्यांची संख्या १९,६४२ होती. त्यांतल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. १९७७ मध्ये म्हाडा हे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झालं आणि पुढे दुरुस्ती मंडळ त्याच्या छत्राखाली आलं.

भाडेकरूला घर एक जण देतो आणि त्याच्या डोक्यावरचं छत दुसराच सांभाळतो, अशी ही व्यवस्था. जगात फार कमी शहरांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर खासगी इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक मंडळाकडे दिली असेल. तिने हजारो कुटुंबांना वाचवलं, हे मान्य करायलाच हवं. मंडळाने टेकू दिले म्हणून उभ्या राहिलेल्या इमारती दक्षिण मुंबईत जागोजागी दिसतात. व्हरांड्याखाली एकाशेजारी एक उभे केलेले लाकडाचे किंवा लोखंडाचे खांब, त्यांच्यामधून वाट काढत शाळेला निघालेली मुलं, खांबांना दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. तात्पुरता म्हणून दिलेला टेकू वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि रहिवासी त्याला घराचाच भाग मानायला लागतात.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा हे ठरलेलं असतं. अंदाजपत्रक त्यापलीकडे गेलं की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मग उरतो पुनर्विकास, आणि तिथे खरी रखडपट्टी सुरू होते.

गुलाबी रंगाची रेघ

इमारत एका रात्रीत पडते असं वाटतं, पण ती पडायला सुरुवात झालेली असते वर्षानुवर्षं आधी. जुन्या लाकडी इमारतीत पहिली कमजोर होते ती मागची बाजू. मोरीचं पाणी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाला लागतं आणि ते टोक आतून भुसभुशीत होतं. बाहेरून तुळई शाबूत दिसते. गच्चीच्या कठड्यात पिंपळाचं रोप रुजतं, कुणी त्याला हात लावत नाही आणि त्याची मुळं भिंतीची फट रुंदावत नेतात.

साठ-सत्तरच्या दशकानंतरच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारतींचं दुखणं वेगळं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या सळयांना गंज लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो तशी ही अल्कता कमी होत जाते. मुंबईत त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब देतो आणि काँक्रीटचे ढलपे सुटायला लागतात. घरात राहणाऱ्याला दिसतो तो फक्त फुगलेला गिलावा. तो खरवडून, लांबी भरून, वर रंग दिला की पुढच्या दिवाळीपर्यंत विषय संपतो.

स्ट्रक्चरल ऑडिट करणारा अभियंता यासाठीच रंगावर विश्वास ठेवत नाही. तो खांबावर हातोडी मारून आवाज ऐकतो. पोकळ आवाज आला की तिथे खूण करतो. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची कठीणता पाहतो, अल्ट्रासोनिक यंत्राने आतल्या भेगांचा अंदाज घेतो. काही ठिकाणी यंत्राने काँक्रीटचा लांबट दंडगोल कापून बाहेर काढतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात, तेच शाळेच्या प्रयोगशाळेतलं. काँक्रीट निरोगी असेल तिथे ते गर्द गुलाबी होतं. अल्कता संपली असेल तिथे रंगच येत नाही. बाहेरच्या कडेपासून किती मिलिमीटरपर्यंत रंग आला नाही हे पट्टीने मोजायचं आणि सळई किती खोल आहे त्याच्याशी ताडून पाहायचं. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर तिचं संरक्षण संपलेलं आहे. डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट इथे कुणालाही बघता येते, अगदी सोसायटीच्या सचिवालाही.

या तपासण्या ऐच्छिक नाहीत. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला नोंदणीकृत संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी त्याहून पुढे जातात. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. नियम स्पष्ट आहे. पण पस्तीस वर्षांच्या सोसायटीतही 'ऑडिट करून घेतलं तर उगाच नोटीस येईल' असं म्हणणारी माणसं भेटतात.

नोटीस आली, पुढे काय?

ही भीती अगदीच निराधार नाही. ऑडिटनंतर इमारत चारपैकी एका वर्गात पडते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे राहत्या घरात संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-१ ठरलेल्या इमारतीला कलम ३५४ ची नोटीस लागते, रहिवासी हटले नाहीत तर वीज आणि पाणी तोडलं जातं, पोलीस बोलावले जातात. दोन ऑडिटचे निष्कर्ष परस्परविरोधी आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

इथे एक खेळ चालतो. मालकाला इमारत पाडायची असेल तर त्याचा अभियंता सी-१ म्हणतो. भाडेकरूंना थांबायचं असेल तर त्यांचा अभियंता सी-२ म्हणतो. कुर्ल्याच्या नाईक नगर सोसायटीतली इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली आणि १९ जणांचा जीव गेला. महापालिकेच्या नोटिसा तिला २०१३ पासून येत होत्या. मधल्या काळात ती सी-१ ठरली, मग दुसऱ्या ऑडिटने तिला दुरुस्तीयोग्य वर्गात आणलं आणि माणसं राहत राहिली.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली. ३३ मृत्यू. ही इमारत समूह पुनर्विकासाच्या मोठ्या योजनेत होती, ती धोकादायक असल्याचं काही वर्षं आधीच जाहीर झालं होतं, काही कुटुंबं हललीही होती. बाकीची राहिली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. बरोबर वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमधली भानुशाली इमारत.

या प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सांगूनही लोक घर सोडत नाहीत.' ते खरं आहे, पण अर्धं. लोक घर सोडत नाहीत कारण घर सोडून गेलेल्यांचं काय झालं ते त्यांनी पाहिलेलं असतं. म्हाडाची संक्रमण शिबिरं शीवच्या प्रतीक्षानगरला, धारावीला, विक्रोळीच्या कन्नमवार नगरला, बोरिवलीच्या मागाठाण्याला. गिरगावातून तिथे 'दोन-तीन वर्षांसाठी' गेलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीची लग्नं त्याच शिबिरांत झाली. मूळ जागेवर इमारत उभीच राहिली नाही, कुठे विकासक पळाला, कुठे प्लॉट इतका लहान की नव्या इमारतीत सगळे मावेनात. शिबिरांच्या इमारतीही दरम्यान जुन्या झाल्या आणि त्यांतल्या काही स्वतःच धोकादायक ठरल्या. शाळा, रेशन दुकान, डबा पोहोचवायचं गिऱ्हाईक, दवाखाना, देऊळ, सगळं सोडून चाळीस मिनिटं लांब जायचं आणि परत कधी यायचं हे कुणी सांगायचं नाही. अशा स्थितीत कुटुंब टेकूखाली झोपणं पसंत करत असेल तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याने दोन धोक्यांची तुलना केलेली असते.

त्यामुळे मुंबईत सुरक्षिततेचं सगळ्यात प्रभावी साधन म्हणजे परतीची लेखी हमी. ती मिळाली की माणसं हलतात, याचा पुरावा वरळीत आहे. बीडीडी चाळी १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. पुनर्विकासाला इथेही विरोध झाला, मोर्चे निघाले, करारांवर वाद झाले. पण या वेळी समोर विकासक नव्हता, म्हाडा स्वतः करार करत होती. खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर त्याच आवारात, मालकी हक्काने, आणि मधल्या काळासाठी संक्रमण गाळा किंवा भाडं. माणसं हलली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ठरल्यापेक्षा उशीर झाला, बाकीची हजारो कुटुंबं अजून वाट बघत आहेत. पण आधी गेलेले परत आले हे शेजारच्या चाळीने पाहिलं, आणि त्याचा उपयोग कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त आहे.

उपकरप्राप्त इमारतींसाठी कायद्यातही सुधारणा झाली आहे. म्हाडा अधिनियमाच्या नव्या कलम ७९-अ नुसार इमारत धोकादायक ठरली की पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी मालकाला सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तर म्हाडाने जागा ताब्यात घेऊन काम करायचं. मालकाच्या हातातला नकाराधिकार काढून घेणारी ही तरतूद मोलाची आहे. पण ती वापरतानाही कागद पक्के हवेत. या कलमाखालच्या नऊशेहून अधिक नोटिसांना जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, कारण इमारत धोकादायक ठरवण्याची पद्धतच प्रश्नांकित झाली होती. घाईने काढलेली नोटीस कोर्टात अडकते, आणि इमारत काही कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाही.

पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. २०२४ मध्ये त्या यादीत २० इमारती होत्या, २०२५ मध्ये ९६. आकडा वाढला म्हणून दचकायचं कारण नाही. ज्या इमारती आधीही धोकादायक होत्या त्या अधिक काटेकोर तपासणीत दिसू लागल्या असतील, तर ती प्रगतीच आहे. संक्रमण गाळे पुरेसे नाहीत म्हणून अशा रहिवाशांना महिना २० हजार रुपये भाडं देण्याचा मार्गही म्हाडाने पुढे आणला. त्यामुळे माणूस आपल्या मुलांच्या शाळेजवळ घर शोधू शकतो.

आतून काढलेला खांब

वरच्या बहुतेक इमारतींना निदान म्हातारपणाचं कारण होतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली साईसिद्धी इमारत पडली तेव्हा ती चाळिशीतही नव्हती. १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं, तिथे नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावर चहा करणाऱ्या बाईला खाली कुठला खांब तासला जातोय हे कळायचा काही मार्ग नव्हता.

इथे घर सांभाळणारी संस्था म्हणजे सोसायटी. म्हाडा किंवा महापालिका रोज दारात येऊन उभी राहू शकत नाही, व्यवस्थापक समिती मात्र तिथेच राहते. फ्लॅटमध्ये काम काढायचं तर समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. चांगली समिती नुसती सही करून मोकळी होत नाही. ती आराखडा मागते, कुठल्या भिंती आणि कुठले खांब याची खातरजमा अभियंत्याकडून करून घेते आणि ब्रेकर मशीन चालू झालं की वर जाऊन बघते. संडास-बाथरूमची जागा बदलली तर खालच्या घरात गळती होणार हे ती आधीच सांगते. गच्चीवर मातीचे वाफे, जादा टाक्या, पत्र्याच्या शेड चढवू देत नाही. या सगळ्यापायी शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो आणि समितीतल्या माणसांना त्याचा पगार मिळत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या सोसायट्यांमध्ये निवृत्तीनंतरची दहा-दहा वर्षं या कामात घालवणारे सचिव आणि खजिनदार आहेत. त्यांच्या नावाचा फलक कुठे लागत नाही.

जिन्यातला धूर

इमारत पडण्याइतकीच आगीची भीती खरी आहे, आणि आगीत बहुतेक माणसं भाजून नव्हे तर धुराने जातात. २२ ऑगस्ट २०१८ ला परळमध्ये हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, भोगवटा प्रमाणपत्रही नव्हतं. त्या सकाळी दहा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तिचं कौतुक योग्यच होतं. पण दहा वर्षांच्या मुलीवर ही वेळ आली ती पंप, होज आणि अलार्म चालू ठेवायची जबाबदारी असलेल्या मोठ्या माणसांमुळे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचं. हाच तो 'फॉर्म बी'. कितीतरी इमारतींत तो नुसता पैसे भरून आणलेला कागद असतो. खरा असेल तर त्याआधी कुणीतरी प्रत्येक मजल्यावर जाऊन व्हॉल्व्ह उघडलेला असतो, पाणी किती दाबाने येतं ते पाहिलेलं असतं, पंप विजेवर आणि डिझेलवर दोन्हीकडे सुरू करून बघितलेला असतो.

गोरेगावच्या आझाद नगरातली जय भवानी ही झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली इमारत. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास तळाशी उभ्या असलेल्या गाड्या आणि तिथे साठवलेलं कापड पेटलं. धूर वर चढला आणि किमान सात जण मृत्युमुखी पडले. झोपडीतून इमारतीत आलेल्या कुटुंबाला चार भिंती, संडास आणि लिफ्ट मिळते, पण त्याबरोबर पंप, वायरिंग, लिफ्ट, गच्चीची टाकी यांची देखभालही येते. विकासकाने घरामागे ठरावीक रक्कम देखभालीसाठी ठेवायची असते. ती संपली की महिन्याच्या वर्गणीवर सगळं चालवायचं. ज्या घरात महिन्याची मिळकतच ठरलेली नाही तिथे ही वर्गणी थकते, मग पंप बंद पडतो, मग पॅसेजमध्ये सामान येतं. घर देऊन मोकळं होता येत नाही, देखभालीची सोयही त्याच्यासोबत द्यावी लागते, हे पुनर्वसन राबवणाऱ्या यंत्रणांनी गोरेगावच्या आगीतून शिकायला हवं.

वर्षानुवर्षं अग्निशमन दल सोसायट्यांना त्याच गोष्टी सांगत आलं आहे, आणि त्यांतल्या बऱ्याचशा फुकटातल्या आहेत. विजेच्या डक्टमध्ये सायकली आणि जुनी खोकी ठेवू नयेत. मजल्यामजल्यावर डक्टची तोंडं आगरोधक साहित्याने बंद करावीत, म्हणजे तो धुराचं धुराडं बनत नाही. जिन्यात चपलांचे स्टँड नकोत. रेफ्यूज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या जागेला, कुलूप नको. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी एक झडप ठेवावी, नाहीतर चोरासाठी लावलेल्या ग्रिलमागे घरचीच माणसं अडकतात. अग्निशमन दलाची सगळ्यात उंच शिडी ९० मीटरपर्यंत जाते, पण ती लावायला आवारात जागा लागते. पार्किंगच्या रांगांनी तो रस्ता भरून टाकला असेल तर शिडी फाटकाबाहेरच थांबते.

पाऊण टक्का आणि पाव टक्का

पैसा कुठून आणायचा, हा समित्यांचा नेहमीचा सवाल. आदर्श उपविधींमध्ये त्याचं उत्तर आहे. दुरुस्ती निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के. बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला साडेसात हजार आणि अडीच हजार, म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये. शंभर घरांच्या सोसायटीत वर्षाला दहा लाख जमतात, वीस वर्षांत व्याजासकट मोठं काम करण्याइतकी पुंजी होते. 'आमचा मेन्टेनन्स सगळ्यात कमी' ही ज्या सोसायटीची फुशारकी असते, तिच्याकडे गच्ची गळायला लागल्यावर एकरकमी लाख-दीड लाख मागायची पाळी येते. निवृत्त सभासदाला ते जमत नाही, मग काम पुढे ढकललं जातं.

लंडन आणि रॉचडेल

श्रीमंत देशांतही हे सगळं आपोआप झालेलं नाही. १४ जून २०१७ ला लंडनमधला ग्रेनफेल टॉवर हा २४ मजल्यांचा सार्वजनिक गृहसंकुलातला मनोरा पेटला आणि ७२ जण गेले. बाहेरून लावलेलं आवरण ज्वलनशील होतं. धोक्याबद्दल तिथल्या रहिवाशांच्या गटाने आधीच लिहून ठेवलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर आलेल्या २०२२ च्या कायद्याने किमान अठरा मीटर किंवा किमान सात मजले उंच निवासी इमारतींसाठी जबाबदार व्यक्ती कोण हे नावानिशी ठरवायला लावलं आणि रहिवाशांचं म्हणणं ऐकण्याची पद्धत बंधनकारक केली.

डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल गावात आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. पालकांनी गृहसंस्थेकडे तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमधल्या सार्वजनिक घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीच्या धोक्यावर चोवीस तासांत कारवाई, गंभीर ओल-बुरशीची दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी. तक्रार नोंदवल्यावर घड्याळ सुरू होतं आणि ते घरमालकाच्या विरोधात चालतं. महाराष्ट्रातल्या कायद्यांमध्ये रहिवाशाला घालून दिलेल्या मुदती भरपूर आहेत, घर सांभाळणाऱ्यावरच्या मुदती तुरळक. उपकरप्राप्त इमारतीच्या भाडेकरूने मंडळाकडे भेगेची तक्रार दिली तर किती दिवसांत अभियंता येईल, हे त्याला पावतीवर छापून मिळायला हवं.

ज्यांना कुणीच नाही

या सगळ्या चौकटीच्या बाहेर एक मोठं जग आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच पडली आणि ७४ जण मेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारिक गार्डन पडली, तिला दहा वर्षंही झाली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपती बसायच्या आदल्या रात्री, विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला तेव्हा आत एका वर्षाच्या लेकराचा पहिला वाढदिवस चालू होता. १७ जीव गेले. विरारच्या या इमारतीसारख्या बेकायदा इमारतींत कुटुंबं फ्लॅट विकत घेऊन राहतात. जमीन दुसऱ्याच्या नावावर, नोंदणीकृत सोसायटी नसते, बिल्डर फोन उचलत नाही. दुरुस्ती करायची म्हटली तर बँक कर्ज देत नाही, पुनर्विकास करायचा म्हटला तर कागद नाहीत. निदान अधिकृत इमारतींतल्या रहिवाशांना मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. बिल्डरने जमिनीचा हक्क दिला नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तो मिळवता येतो. राज्यातल्या असंख्य सोसायट्यांनी हे काम अजून केलेलं नाही. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती संस्थेच्या नावावर नसेल तर संकट आल्यावर निर्णय घेण्याचा अधिकारच कुणाकडे नसतो.

सरकारकडून दोन गोष्टी मागायला हव्यात. सी-१ ची नोटीस दारावर चिकटवण्याआधी प्रत्येक कुटुंबाच्या हातात त्याच्या चटईक्षेत्राची नोंद, परतीचा करार आणि भाड्याचा पहिला धनादेश असावा. आणि इमारत बेकायदा आहे म्हणून तिच्यातल्या माणसांना ऑडिट आणि निवारा नाकारला जाऊ नये. बेकायदेशीरपणाची शिक्षा बांधणाऱ्याला आणि डोळेझाक करणाऱ्याला व्हावी.

वाचकांनी करायचं काम त्याहून सोपं आहे. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत समितीकडे पाच कागद मागावेत. शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, चालू सहामाहीचा फॉर्म बी, लिफ्ट निरीक्षकाचं प्रमाणपत्र, वायरिंग तपासल्याचा दाखला आणि सिंकिंग फंडाची शिल्लक. भाड्याने राहणाऱ्यांनी हेच घरमालकाला विचारावं. उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्यांनी मागची भिंत आणि मोरीखालची तुळई एकदा दिवसाउजेडी पाहून यावी आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. आणि पाचपैकी एखादा कागद समितीकडे नसेल, तर तो कोणत्या तारखेपर्यंत आणणार हे त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं.